एका घरांत दोन गल्ले

पुण्यांतील आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत गेलीं तीस वर्षें छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकें, शाळांचीं गुणपत्रकें, क्वचित् एखादी स्मरणिका, असें किरकोळ पण अखंड काम. छापखाना गृहस्थांच्या स्वतःच्या मालकीचा. भागीदार कोणी नाहीं. गेल्या वर्षीं त्यांच्या मुलानें व जांवयानें मिठाईवाल्यांना व औषधवाल्यांना लागणारीं पुठ्ठ्याचीं खोकीं तयार करण्याचा कारखाना काढण्याचा घाट घातला. त्यास भांडवल बरेंच लागणार, बँकेचें कर्ज लागणार, माल उधारीवर जाणार. तेव्हां तो कारखाना प्रायव्हेट लिमिटेड कंपनी करून चालवावा, छापखाना मात्र वडिलांच्याच नांवानें जसा आहे तसा राहावा, आणि वडिलांनीं कंपनीचे बहुतेक भाग घेऊन तिचे एक संचालकही व्हावें, असें ठरलें. हें सारें आम्हांस चहाच्या वेळीं मोठ्या उत्साहानें सांगितलें जात असतां घरच्या बाईंनीं, ज्या आजवर छापखान्याची रोकड लिहीत आल्या आहेत, एकच प्रश्न केला: “अहो, पण संध्याकाळीं गल्ला मोजायला बसलें म्हणजे कोणता पैसा कोणाचा, हें मला कसें कळायचें?”

“त्यांत काय कळायचें? सगळा आपलाच!” यजमान हंसून म्हणाले.

आमच्या मतें त्या दिवशीं त्या बैठकींत विचारला गेलेला मुद्द्याचा असा हा एकच प्रश्न होता, आणि त्याला मिळालेलें उत्तर साफ चुकीचें होतें. नोकरी सोडून किंवा नोकरी सांभाळून कांहीं उद्योग करावा अशी हौस हल्लीं आपल्या वर्गांतही पुष्कळ दिसते, आणि घरांतच एक धंदा स्वतःच्या नांवाचा व दुसरा कंपनीचा, अशी जोडी अनेक ठिकाणीं आढळते. म्हणून या प्रश्नाचा थोडा विस्तारानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

छापखान्याच्या दारावर पाटी कोणतीही असो, कायद्याच्या दृष्टीनें पाटीमागें निराळें असें कोणी नाहीं. तेथें यजमानच उभे आहेत. छापखान्याचें येणें तें त्यांचें येणें, छापखान्याचें कर्ज तें त्यांचें कर्ज, आणि प्राप्तिकराच्या दप्तरीं छापखान्याचा पॅन क्रमांक तो त्यांचाच. कंपनीची गोष्ट वेगळी. ती नोंदली गेली त्या दिवशीं जणुं घरांत एक नवें माणूस जन्मास आलें. त्याला स्वतःचें नांव, स्वतःचा पॅन, स्वतःचें बँकेंतील खातें, आणि स्वतःचें देणेंघेणें.

ही कल्पना परकीय म्हणून बिचकण्याचें कारण नाहीं. कोंकणांतील एखाद्या देवस्थानाचा जमाखर्च ज्यांनीं पाहिला असेल त्यांना ठाऊक आहे कीं, देवाची जमीन देवाच्या नांवावर असते आणि तिचें उत्पन्न देवाच्या पेटींत पडतें. व्यवस्था पाहणारा गृहस्थ किती का मानकरी असेना, त्यानें त्या पेटींतून मुलीच्या लग्नाकरितां रक्कम उचलली तर गांवकरी त्यास ‘उसनवार’ म्हणत नाहींत, त्यांच्यापाशीं दुसरा शब्द असतो! १९२५ सालीं कलकत्त्याच्या मल्लिक घराण्याच्या दाव्यांत प्रिव्ही कौन्सिलनें देवमूर्ति ही कायद्यानें एक व्यक्ति असून तिचें हिताहित स्वतंत्रपणें पाहिलें पाहिजे, असें स्पष्टच म्हटलें. कंपनी ही त्याच जातीची व्यक्ति. तिला नैवेद्य लागत नाहीं. प्रतिवर्षीं हिशेबतपासणी मात्र लागते.

कंपनीचें हें वेगळेपण ज्या खटल्यानें पक्कें झालें तोही घरगुतीच आहे. लंडनच्या व्हाइटचॅपेल भागांत अ‍ॅरन सालोमन नांवाचा बुटांचा व्यापारी तीसहून अधिक वर्षें स्वतःच्या नांवावर धंदा करीत होता. १८९२ सालीं त्यानें त्याच धंद्याची लिमिटेड कंपनी केली. तेथील तत्कालीन कायद्यास सात भागधारक लागत. ते त्यानें घरांतच उभे केले. स्वतः, पत्नी, एक कन्या व चार पुत्र! एकंदर २०,००७ भागांपैकीं घरच्या सहा जणांकडे एकेक, आणि बाकीचे २०,००१ एकट्या सालोमनचे. आपला चालता धंदा त्यानें कंपनीस सुमारें ३९,००० पौंडांस विकला व त्या किंमतीपैकीं १०,००० पौंडांचे तारणाचे कर्जरोखे घेतले. पुढें लवकरच संप झाले, मागणी तुटली, आणि कंपनी बुडाली. उधारीवर माल देणारे धनको म्हणूं लागले कीं, कंपनी हा केवळ मुखवटा, आंत सालोमनच आहे, तेव्हां त्याच्याकडून आमचे पैसे वसूल करा. खालच्या दोन्ही न्यायालयांना हें पटलें. परंतु १८९६ च्या नोव्हेंबरांत हाउस ऑफ लॉर्ड्सनें निर्णय फिरविला. कायद्यानें कंपनी नोंदली गेली असेल तर ती वेगळीच व्यक्ति. तिचे बहुतेक सर्व भाग एकाच्या हातीं असले म्हणून तिचीं कर्जें त्याच्या गळ्यांत पडत नाहींत. या निर्णयाची ग्वाही आजही आपल्याकडील न्यायालयांत दिली जाते. मात्र हें अपील सालोमननें नादार म्हणून केलें होतें, ही गोष्ट तो निर्णय पाठ असणाऱ्यांच्याही सहसा ध्यानांत राहत नाहीं. तो जिंकला तेव्हां त्याच्यापाशीं फारसें कांहीं उरलें नव्हतें.

आतां आपल्या छापखानेवाल्या कुटुंबाकडे वळूं. खोक्यांचा कारखाना बुडाला तर कंपनीच्या धनकोंना कंपनीची मालमत्ता मिळेल, छापखान्यास व राहत्या घरास हात लावतां येणार नाहीं. उलट छापखाना बुडाला तर? येथें लोकांची फसगत होते. छापखान्याचे धनको यजमानांच्या सर्व मालमत्तेकडे जाऊं शकतात: बँकेंतील ठेव, राहतें घर, आणि कंपनींतील त्यांचे भागसुद्धां. म्हणजे भिंत एकाच बाजूनें भक्कम आहे. १९०८ च्या दिवाणी संहितेनें जप्तींतून ज्या वस्तु वगळल्या आहेत त्यांत आवश्यक कपडे, स्वयंपाकाचीं भांडीं, अंथरूण-पांघरूण आणि धर्माचाराप्रमाणें स्त्रीनें अंगावेगळे करूं नयेत असे दागिने यांचा समावेश आहे, एवढाच काय तो दिलासा. पत्नीचें स्त्रीधन हें तिचें स्वतःचें, पतीच्या कर्जाशीं त्याचा संबंध नाहीं. अर्थात् तिनें आपण होऊन तें तारण ठेविलें नसेल तर. वाचकभगिनींनीं हें शेवटचें वाक्य पुनः एकदां वाचावें.

आणि एका बाजूची ती भक्कम भिंतही एका सहीनें पडते. लहान कंपनीस कर्ज देतांना बँक संचालकांची वैयक्तिक हमी बहुधा मागतेच. ती दिली कीं त्या कर्जापुरतें कंपनीचें वेगळेपण संपलें. मग छापखाना, घर, ठेवी, सर्व त्या एका कागदाखालीं आले. हमी देऊंच नये असें आमचें म्हणणें नाहीं, कारण तिच्यावांचून पुष्कळदां कर्जच मिळत नाहीं. परंतु ती किती रकमेची, कोणत्या कर्जापुरती, आणि कर्ज फिटल्यावर ती लेखी परत मिळाली कीं नाहीं, हें घरांतल्या दोघांनाही माहीत असावें. मुलाच्या कंपनीच्या कर्जाला आपण हमी आहोंत हें बँकेची नोटीस येईपर्यंत आईस ठाऊक नव्हतें, असें एक उदाहरण आमच्या पाहण्यांत आहे. कागदावर सही तिचीच होती.

दोन धंदे एका छपराखालीं आले म्हणजे वस्तूंची सरमिसळ होऊं लागते. छापखान्याचें कापण्याचें यंत्र कारखान्यांत जातें, कारखान्याचा पुठ्ठा छापखान्यांत येतो, आणि कोणी लिहून ठेवीत नाहीं. यानें काय होतें, तें आयर्लंडांतील मॅकॉरा नांवाच्या जमीनदारास फार महागांत कळलें. टायरोन परगण्यांतील आपल्या इस्टेटींतलें सर्व इमारती लांकूड त्यानें एका कंपनीस विकलें व मोबदला म्हणून तिचे ४२,००० भाग घेतले. कंपनीचे सर्व भाग त्याचे व त्याच्या नांवापुरत्या माणसांचे; शिवाय कंपनीकडे त्याचें १९,००० पौंडांचें येणें होतें. लांकडाचा आगीचा विमा मात्र त्यानें कंपनीऐवजीं स्वतःच्या नांवानें उतरविला. १९२२ च्या फेब्रुवारींत आग लागली आणि बहुतेक सर्व लांकूड जळालें. विमेवाले म्हणाले, लांकूड तुमचें नव्हतेंच, तें कंपनीचें. तुमचें त्यांत विमा उतरण्याजोगें हित नाहीं. १९२५ सालीं हाउस ऑफ लॉर्ड्सनें त्यांचेंच म्हणणें मान्य केलें. वास्तविक लांकूड जळाल्यानें नुकसान झालें तें याच एका माणसाचें; पण पॉलिसीवर नांव चुकलें, आणि हातीं कवडी आली नाहीं. सालोमनला तारणारा जो नियम, तोच मॅकॉराला बुडविता झाला.

हाच न्याय आपल्याकडे मुंबईच्या एका प्रकरणांत दिसला. चहाच्या कंपन्यांच्या भागधारक श्रीमती बाचा गझदर यांचें म्हणणें होतें कीं, कंपनीच्या उत्पन्नाचा बराच हिस्सा शेतीचा असल्यानें करमुक्त असतो, तेव्हां आपल्यास मिळालेल्या लाभांशाचा तेवढा हिस्साही शेतीचें उत्पन्न मानावा. सर्वोच्च न्यायालयानें १९५४ सालीं तें नाकारलें. मळा कंपनीचा, भागधारकाचा मळ्यावर मालकी हक्क नाहीं, त्याचा हक्क काय तो जाहीर झालेल्या लाभांशावर.

मग पैसा एका गल्ल्यांतून दुसऱ्यांत जायचाच नाहीं काय? जाऊं शकतो, पण बिनानांवाचा जाऊं शकत नाहीं. कंपनीकडून यजमानांस जो रुपया मिळेल त्याला पगार, भाडें, मालाची किंमत, व्याज, कर्जफेड किंवा लाभांश यांपैकीं एक नांव लागलेंच पाहिजे, आणि प्रत्येक नांवाचा कर निराळा, कागद निराळा. छापखान्याची उलट तऱ्हा. तेथें यजमान स्वतःस पगार देऊंच शकत नाहींत. महिन्याच्या खर्चास घेतात ती नुसती उचल, आणि कर सर्व नफ्यावर बसतो, मग तो उचलला असो वा नसो.

सर्वांत घातकी नांव कर्जाचें. समजा, कागदवाल्याचें बिल भागविण्यास छापखान्यांत पैसे नाहींत, आणि कंपनीच्या खात्यांत तर पडून आहेत. यजमान तेथला चेक फाडतात. मनांत म्हणतात, पुढच्या महिन्यांत परत टाकूं. येथें तीन कायदे एकदम जागे होतात. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १८५ व्या कलमानें संचालकास कर्ज देण्यावर बंधन घातलें आहे, आणि छापखाना म्हणजे संचालक स्वतःच, त्यामुळें ‘मीं घेतले नाहींत, छापखान्यानें घेतले’ हा बचाव उरत नाहीं. ठराविक अटींत बसणाऱ्या खासगी कंपन्यांना सूट आहे, पण ती आहे कीं नाहीं हें चेक फाडण्यापूर्वीं पाहावयाचें असतें. दुसरें, खासगी कंपनीनें १० टक्के किंवा अधिक मताधिकार असलेल्या भागधारकास दिलेलें कर्ज हें कंपनीच्या सांठलेल्या नफ्याइतक्या मर्यादेपर्यंत प्राप्तिकर खातें लाभांशच समजतें, आणि १ एप्रिल २०२० पासून लाभांशावर कर घेणाऱ्यास भरावा लागतो. रक्कम पुढच्या महिन्यांत परत केली तरी कर चुकत नाहीं. खऱ्याखुऱ्या व्यापारी व्यवहारांतील आगाऊ रकमेस हा नियम लावीत नाहींत, पण ती खरी आहे हें दाखविणारी ऑर्डर व बिल हातीं पाहिजे. तिसरें, २०,००० रुपये किंवा अधिक रकमेचें कर्ज रोखीनें घेतलें तर घेणाऱ्यास तेवढ्याच रकमेचा दंड होऊं शकतो. गल्ल्यांतून नोटा काढून शेजारच्या गल्ल्यांत टाकण्याच्या घरगुती संवयीस हें मोठेंच विघ्न आहे.

उलट दिशेनें यजमानांनीं कंपनीस पैसे देणें सोपें, परंतु तेथेंही संचालकानें लिहून द्यावें लागतें कीं ही रक्कम आपण दुसऱ्याकडून कर्जाऊ काढलेली नाहीं. तेव्हां छापखान्याच्या नांवें बँकेची उचल घेऊन ती कंपनींत ओतण्याचा बेत असेल तर तें पत्र खोटें ठरेल.

फुकट मदतीचेंही तसेंच. छापखान्याचें यंत्र कंपनीस विनामूल्य वापरावयास दिलें, तरी वस्तु व सेवा कराच्या कायद्यानें यजमान व त्यांची कंपनी ह्या परस्परसंबंधित व्यक्ति ठरतात, व मोबदला न घेतां केलेला धंद्यांतील व्यवहारही करास पात्र होऊं शकतो. म्हणून वाजवी भाडें ठरवून त्याचें बिल करावें हें बरें. वाजवी म्हणजे परक्याकडून घेतलें असतें तितकें. फुगविलें तर प्राप्तिकर अधिकारी जास्तीचा खर्च नाकारतो, आणि कंपनीच्या बाजूनें १८८ व्या कलमाचा प्रश्न उभा राहतो. संचालकानें आपला स्वतःचा अन्य धंदा आहे हें प्रतिवर्षीं संचालकांच्या पहिल्या सभेंत लेखी सांगावें, असेंही १८४ वें कलम म्हणतें. तो एक कागद देण्यास पांच मिनिटें लागतात. न दिल्यास मात्र महागांत पडतो.

पैशापेक्षां नाजूक गोष्ट गिऱ्हाइकाची. एखादा मिठाईवाला येतो आणि म्हणतो, खोकीं हवींत, वर छपाईही करून द्या. हें काम कोणाचें? सोपा नफा छापखान्याकडे आणि उधारीची डोकेदुखी कंपनीकडे, अशी वांटणी आपोआप होऊं लागते, आणि कंपनींत जांवयाचे भाग आहेत! कॅनडांत टोरोंटो येथील एका बांधकाम कंपनीच्या चार भागधारक संचालकांपैकीं तिघांनीं रेल्वेचें एक मोठें काम कंपनीऐवजीं स्वतःसाठीं मिळविलें. १९१६ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें ठरविलें कीं त्या कामाचा लाभ कंपनीचाच होता, बहुमतानें ठराव करूनही तो त्यांना आपला करून घेतां येत नाहीं. तें प्रकरण निदान न्यायालयापर्यंत गेलें. सासरा-जांवयांत तर प्रकरण न्यायालयांत न जातां दिवाळसणाच्या पंगतींत धुमसत राहतें. त्यापेक्षां कोणत्या प्रकारचें काम कोणाचें, हें आरंभींच लिहून ठेवणें शहाणपणाचें. आमच्या स्नेह्यांच्या घरीं हें सुचविलें तेव्हां थोडी अवघडल्यासारखी शांतता पसरली, हेंही प्रामाणिकपणें नमूद करितों.

इतकी यातायात असतां दोन्ही कशास ठेवावें, असें कोणी विचारील. कारणें आहेत. लहान एकट्याच्या धंद्यास, उलाढाल २ कोटि रुपयांपर्यंत असल्यास, उलाढालीच्या ८ टक्के, व बँकेमार्फत आलेल्या रकमेवर ६ टक्के, नफा धरून प्राप्तिकर भरण्याची सवलत आहे. कंपनीस ती नाहीं. कंपनीची हिशेबतपासणी उलाढाल एक रुपया असली तरी करावी लागते, आणि वार्षिक पत्रकें भरण्यास उशीर झाला तर प्रत्येक पत्रकामागें दररोज १०० रुपये जादा भरावे लागतात. तीस वर्षांचा शांतपणें चालणारा छापखाना त्या रगाड्यांत कशास घालावा? आणि उधारीचा, कर्जाचा, धोक्याचा कारखाना उघड्यावर तरी कां ठेवावा? धंदे खरोखर दोन असतील तर व्यवस्था दोन असणें योग्यच. मात्र धंदा एकच, गिऱ्हाईक एकच, आणि वस्तु व सेवा कराची मर्यादा ओलांडूं नये म्हणून पाट्या दोन, असा प्रकार असेल तर त्याच्या वाटेस न जाणें बरें. माल विकणाऱ्यास ४० लाख व सेवा देणाऱ्यास २० लाख ही महाराष्ट्रांतील मर्यादा पॅन क्रमांकावर मोजतात, म्हणून एकट्याच्या नांवावरचे दोन छापखाने तर एकत्रच धरले जातात. आणि कंपनीचा पॅन वेगळा असला तरी खोटी विभागणी उघडकीस येण्यास एक बिल पुरतें.

वेगळेपण प्रामाणिकपणें पाळल्याचें फळ काय, याचें एक उदाहरण न्यूझीलंडांतलें. ली नांवाचा वैमानिक शेतांवर विमानांतून खत पसरण्याचा धंदा करी. त्यानें कंपनी काढली. ३,००० भागांपैकीं २,९९९ त्याचे, तोच सर्वाधिकारी संचालक. परंतु त्याच कंपनीचा मुख्य वैमानिक म्हणून त्याची नेमणूक होती, पगार ठरलेला होता, व त्याच्या नोंदी पुस्तकांत होत्या. १९५६ च्या मार्चमध्यें काम करीत असतांच विमान कोसळून तो मरण पावला. त्याच्या विधवेनें कामगार-नुकसानभरपाई मागितली. तेथील न्यायालय म्हणालें, मालक स्वतःचाच नोकर कसा असेल? १९६० सालीं प्रिव्ही कौन्सिलनें तिच्या बाजूनें निकाल दिला: मालक कंपनी, नोकर ली, दोन व्यक्ति आहेत, मग त्यांच्यांत नोकरीचा करार कां होऊं नये? त्या बाईस भरपाई मिळाली.

दिवाळीनंतर आम्ही पुनः त्या छापखानेवाल्यांच्या घरीं गेलों होतों. कपाटांत दोन पत्र्याचे डबे, दोन चेकबुकें, दोन रबरी शिक्के; कंपनीच्या शिक्क्यावर सहीखालीं ‘संचालक’ असें कोरलेलें. बाईंनीं रोकडीच्या दोन वह्या आमच्यापुढें ठेविल्या आणि म्हणाल्या, “यांचा चहा कोणत्या वहींत लिहायचा, यावरून रोज वाद होतो.” यजमान या वेळीं हंसले नाहींत. त्यांनीं टेबलाच्या खणांतून विम्याची पॉलिसी काढून आमच्या हातीं दिली. कापण्याचें मोठें यंत्र चैत्रांत रीतसर बिल करून कंपनीस विकलें होतें, तें कारखान्याच्या शेडमध्यें बसविलेलेंही होतें, आणि पॉलिसीवर अजून छापखान्याचेंच नांव व छापखान्याचाच पत्ता होता. सात महिने तें यंत्र जवळजवळ विम्यावांचून चाललें होतें. पॉलिसी बदलण्याचें पत्र त्यांनीं आमच्यासमोरच लिहावयास घेतलें, आणि पत्र लिहून झाल्यावर खालीं कोणता शिक्का मारावा, हें बाईंना विचारलें.